साबण चाखायची मनाई

साबण नीट झाला की नाही हे जीभ लावून बघतात, हे मी कारखान्यात पाय ठेवीपर्यंत मला ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी थोरल्या मालकांनी मला भट्टीखान्यातून फिरवलं. चार मोठ्या कढया, खाली जाळ, वर वाफ. एका कढईपाशी खांद्यावर पंचा टाकलेले एक गृहस्थ लांब दांड्याच्या पळीनं आतला लगदा काढून फरशीच्या तुकड्यावर निववत होते. निवल्यावर त्यांनी चिमूटभर घेऊन जिभेच्या टोकाला लावला, डोळे मिटले, बाजूला थुंकले आणि म्हणाले, "अजून चावतोय. तासभर जाऊ द्या."

हे अप्पा. जातीनं लिंगायत, गाव सीमेकडचं, घरी कानडी, बाहेर आमच्यासारखं मराठी. साबणात तेल आणि कॉस्टिक सोडा असतो. प्रत्येक तेलाची सोडा पिण्याची ताकद वेगळी. सोडा जास्त झाला तर तो साबणात तसाच राहतो आणि माणसाची कातडी खातो. तो राहिलाय का, हे अप्पांची जीभ सांगायची. तिनं होकार दिल्याशिवाय एकही कढई साच्यात ओतली जात नसे.

संस्थान विलीन झालं त्या सुमाराची ही गोष्ट. राजारामपुरीच्या पलीकडे तेव्हा नुसता माळ होता आणि त्या माळावर हा कारखाना. आमचा अंगाचा साबण, केसांचं तेल आणि दंतमंजन साताऱ्यापासून हुबळीपर्यंत दुकानादुकानांत असायचं. लहान खेड्यातल्या दुकानात एकच साबण मिळत असेल तर तो आमचा.

माझी नेमणूक कशी झाली ते सांगते, म्हणजे पुढच्या नेमणुका कशा झाल्या ते कळेल. मी तिशीची, नवरा शाळामास्तर, दोन मुलं, शिक्षण सातवीपर्यंत. पॅकिंगला बायका घ्यायच्या आणि त्यांच्यावर लिहिता-वाचता येणारी एक बाई ठेवायची, असं थोरल्या मालकांनी ठरवलं होतं. मी कुणाची कोण हे त्यांनी विचारलं नाही. आठ दिवस मला टेबलाशी बसवून साबणाच्या वड्या कागदात गुंडाळायला लावल्या. रोज येऊन उभे राहायचे, माझ्या हातांकडे बघायचे आणि निघून जायचे. नवव्या दिवशी म्हणाले, "बाई, उद्यापासून तुम्ही गुंडाळायचं नाही. बघायचं."

बायका जमवायचं काम माझ्याकडे आलं. मी राहत होते शिवाजी पेठेत, तेव्हा आधी तिथलीच दारं वाजवली. सुना कधीच्याच तयार होत्या. अडलं होतं सासवांपाशी.

"साबण गुंडाळाय बायका कशाला लागत्यात? बाप्यास्नी हात न्हाईत व्हय?" एकीनं विचारलं.

"हायत की. पण त्यांच्यानं कागद फाटतो," मी म्हटलं.

तालमीमागच्या गल्लीत एक म्हातारी होती. तिच्या तोंडाला पेठेतले पैलवानसुद्धा लागत नसत. तिची सून बोटांनी चपळ, हे मी तिला फुलं ओवताना पाहिलं होतं. म्हातारीनं मला दारातच उभं करून वरपासून खालपर्यंत बघितलं.

"सून पाठवतो," ती म्हणाली, "पण तुझ्या शब्दावर. उद्या तिच्या अंगाला वरखडा जरी आला तरी तुझ्या दारात येऊन बसंन."

"बसा," मी म्हटलं. "च्या पाजीन."

अशा दारादारांतून माझ्या शब्दावर साठ बायका जमल्या. सकाळी घोळक्यानं माळाकडे चालत जायच्या. वाटेत पोरंटोरं "साबणवाल्या" म्हणून ओरडायची, तर त्या उलट ओरडायच्या, "ये रं, तुझं तोंड धुतो!" दोन वर्षांत ओरडणं बंद झालं. ज्या घरात दिवाळीला नवं लुगडं आलं, त्या घराला नावं ठेवणं सोपं नसतं.

पुढं थोरले मालक गेले आणि कारभार धाकट्या भावाकडे आला. हे धाकटे मालक माणूस म्हणून निर्मळ. कुणाला दुखवायचं नाही, घरच्यांना तर मुळीच नाही. त्यांनी पहिली नेमणूक केली ती जावयाची. जावईसाहेब विक्रीचे आणि खरेदीचेही मुख्य झाले. दिसायला रुबाबदार, इंग्रजी फर्डं, टेनिस खेळायचे, आम्हा बायकांशीसुद्धा अदबीनं बोलायचे. त्यांनी कारखान्यावर मॅनेजर आणला तो त्यांच्या कॉलेजातला मित्र. तो आधी सूतगिरणीत होता. चाती, पट्टे, इंजिन यांतलं त्याला सगळं कळत होतं आणि साबणातलं काही नाही. मॅनेजरनं केमिस्ट आणला तो आपला भाचा, नुकता पदवी घेतलेला.

मी काही कुणाला हसण्याच्या जागी नव्हते. मीही शेजारणीच भरल्या होत्या. पण मी शेजारणीला टेबलाशी बसवून आठ दिवस तिचे हात बघत होते, आणि तिघींना परत पाठवलंही होतं. त्यांतली एक माझी सख्खी चुलत जाऊ. ती अजून माझ्याशी बोलत नाही.

एकदा मुंबईचे दोन मोठे व्यापारी कारखाना बघायला आले. जावईसाहेब आणि मॅनेजर त्यांना फिरवत होते. मी लेबलांचा हिशोब द्यायला तिथं गेले होते. नेमके अप्पा जीभ लावत होते. एका व्यापाऱ्यानं तोंडाला रुमाल लावला.

मॅनेजर लालबुंद झाला. "हे काय चाललंय?"

"चव बघतोय, सायेब."

"साबण खाता?"

"खात न्हाय. इचारतोय त्येला, झालास का म्हणून."

व्यापारी हसले. मॅनेजरला ते फार लागलं. दुसऱ्या दिवशी भट्टीखान्याच्या दारावर टाइप केलेला हुकूम लागला: कामाच्या जागी तोंडात काहीही घालण्यास सक्त मनाई आहे. परीक्षा केमिस्ट करतील. कॉस्टिक किती टाकायचा याचा तक्ताही भिंतीवर लागला. केमिस्टनं अप्पांकडून नेहमीचं माप विचारून घेऊन तो केला होता.

अप्पांना वाचता येत नव्हतं. हुकूम मीच वाचून दाखवला. त्यांनी पूर्ण ऐकला आणि विचारलं, "काहीही म्हंजी काहीही?"

"तसंच लिहिलंय."

त्यांनी कमरेची पानाची चंची सोडली, त्यातलं पान, कात, तंबाखू सगळं भट्टीत टाकलं आणि चंची झटकून खुंटीला लावली. भट्टीवरची माणसं खो खो हसली. "अप्पा, भाकरी तरी खाशीला का न्हाय?" अप्पा हसले नाहीत. त्या दिवसापासून ते कढईपाशी हात मागं बांधून उभे राहायचे. केमिस्ट तक्त्यात बघून सांगायचा तेवढा सोडा टाकायचे, "ओतू?" म्हणून विचारायचे आणि तो "ओता" म्हणाला की ओतायचे.

आमच्याकडच्या माणसाचा हा एक रोग आहे. अपमान झाला की तो भांडत नाही, काम सोडत नाही, हुकूम अक्षर न् अक्षर पाळतो. समोरच्याचं नुकसान होईपर्यंत पाळतो. अप्पांना मी फार मानत होते, तरी हे लिहायला हवं.

केमिस्ट पोरगा वाईट नव्हता. पहिले काही महिने नळ्या-बाटल्या घेऊन चारी कढया तपासायचा. मग मामानं त्याला पत्रव्यवहाराचंही काम दिलं, तेव्हा सकाळची पहिली कढई तपासायचा आणि बाकीच्या तिन्ही कढयांच्या कागदावर सही करायचा. तरीही काही बिघडलं नाही, कारण तेल तेच होतं. आपलं सगळं बरोबर चाललंय अशी जावई, मॅनेजर आणि भाचा या तिघांची खात्रीच झाली, आणि पोरगा पहिली कढईही न तपासता सही करायला लागला.

मग श्रावणात तेल बदललं.

पिंपं उतरताना मी अंगणात होते. खोबरेलाचा वास मला झोपेतही कळला असता, आणि तो त्या पिंपांना नव्हता. निम्म्याहून अधिक शेंगतेल होतं. जावईसाहेबांनी ते स्वस्तात मिळवलं होतं आणि त्याबद्दल धाकट्या मालकांनी त्यांची पाठ थोपटली होती. जेवणाच्या सुट्टीत मी अप्पांना गाठलं.

"अप्पा, तेल बदललंय न्हवं?"

"बदललंय."

"शेंगतेलाला सोडा कमी लागतो, तुम्हीच सांगितलं होतं मला."

"व्हय. बराच कमी लागतो."

"आणि तक्ता?"

"तक्ता हाय तितंच हाय, भिंतीवर."

"मग सांगा की त्यांना!"

"इचारलंय का कुनी?" त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "अक्का, मी आता हमाल हाय. सांगतील तेवडं वततो."

पंधरा दिवसांनी घोड्यांवर, म्हणजे लाकडी मांडण्यांवर, सुकत ठेवलेल्या वड्यांवर पांढरी भुकटी दिसायला लागली. मीठ फुटावं तशी. मॅनेजरनं ती फडक्यानं पुसून घ्यायला सांगितली. ओल्या हवेमुळं होतं, म्हणाला. पुसून घेतली. दोन दिवसांनी पुन्हा आली. आतला मेणकागद कडेनं तांबूस पडत होता. दिवाळी तोंडावर होती. आपल्याकडे वर्षभर राखेनं हात धुणारं घरसुद्धा दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला वासाचा साबण आणतं. वर्षाच्या मालातला केवढा तरी भाग आमचा त्या एका सकाळसाठी जायचा.

गुंडाळायचं काम उघड्या हातांनी चालायचं. घडी बोटांच्या टोकांनी पडते. गणपती बसले त्या आठवड्यात म्हातारीची सून माझ्याकडे आली आणि तिनं दोन्ही पंजे माझ्यापुढं धरले.

"अक्का, हे बगा. रेषा गेल्यात."

बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती, तापलेल्या तव्यावर टेकल्यासारखी लाल. एका बोटाची कातडी उलली होती.

"दुखतंय?"

"तिखट लागलं की जीव जातोय. पीठ मळाय जमत न्हाय. सासूला म्हटलं, भांडी घासून झालंय."

"मग दोन दिवस घरी राहा."

"नगो. मी करतो की. दिवाळी हाय."

मी गोदामातून खोबरेल आणून सगळ्यांच्या बोटांना चोळलं आणि कामाला लावलं. नवरात्रापर्यंत सोळा जणींचे हात तसे झाले. मी रोज तेलाची वाटी टेबलांवरून फिरवत होते. हे मी केलं. त्यांचे हात जळताहेत हे दिसत असताना त्यांना गुंडाळत राहता यावं म्हणून केलं.

मग मी मॅनेजरकडे गेले. त्यानं खुर्ची दिली, ऐकून घेतलं.

"बाई, या बायका घरी राखेनं भांडी घासतात ना?"

"जन्मभर घासतात. आत्ताच कसं झालं?"

"मी हातमोजे मागवतो."

हातमोजे आले. गिरणीतले, जाड सुताचे. ते घालून दिवसभरात एकीच्यानं दोन डझन वड्या झाल्या नाहीत. संध्याकाळी बायकांनी ते काढून माझ्या टेबलावर ढीग घातला. "अक्का, हे घालून सायबाला भाकरी थापाय सांगा."

मी केमिस्टला एकटं गाठलं. "तिसऱ्या कढईचा साबण तपास."

त्यानं मान खाली घातली. "तपासला."

"मग?"

"मामांना सांगितलं. मामा म्हणाले, तक्ता तोच आहे ना, मग साबण बिघडेल कसा. तेलाचं बोललो तर जावईसाहेबांच्या खरेदीवर जातं. बाई, त्यांच्यामुळे मामा इथं आहेत आणि मामांमुळे मी."

त्या पोरानं एका वाक्यात सगळा कारखाना मांडून दाखवला.

जावईसाहेबांकडे गेले. ते हसून म्हणाले, "पॅकिंगचं तुम्ही बघा, भट्टीचं ते बघतील." राहिले धाकटे मालक. घरी पूजा आटोपून ते ओसरीवर आले होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. ते मनापासून अस्वस्थ झाले.

"तुम्ही मॅनेजरांना सांगितलंत का?"

"सांगितलं. त्यांना साबणातलं कळत नाही."

"असं कसं म्हणता? कळत नसतं तर मी नेमलं असतं का?"

मी तशीच परत निघाले. त्या माणसाला मॅनेजरवर शंका घ्यायची तर आधी जावयावर, मग स्वतःवर घ्यावी लागली असती. ते त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं.

परतल्यावर मी पॅकिंगच्या खोलीचं दार लावलं, घोड्यावरची एक वडी घेतली, नखानं कोपरा खरवडला आणि जिभेला लावला. सुई टोचल्यासारखं झालं, मग जळत राहिलं. तोंड धुतलं तरी जाईना. दोन दिवस मी दूधभात खाल्ला. बोबडी बोलत मी अप्पांकडे गेले.

"अप्पा, एकदा तुमी जीभ लावा आणि सगळ्यांसमोर सांगा."

"तुमी लावलीसा न्हवं? मग कळलंय की."

"माझं कोण ऐकतंय!"

"मग माझं कोण ऐकणार हुतं?"

त्याच आठवड्यात पेट्यांनी भरलेल्या गाड्या स्टेशनकडे निघाल्या. रोज. मी फाटकाशी उभी राहून मोजत नव्हते, बघत होते. बायकांना तेव्हा थांबवलं असतं तर? साठजणी उठून उभ्या राहिल्या असत्या, एवढा माझा शब्द होता. पण काम थांबलं की बायका घरी, आणि एकदा घरी बसल्या की सासवा पुन्हा पाठवणार नाहीत, हे मला दिसत होतं. म्हणून मी गप्प बसले. आणखी एक गोष्ट केली, ती सांगायला मला आवडत नाही. श्रावणाच्या आधीच्या मालातल्या चार वड्या माझ्या फडताळात होत्या. दिवाळीला माझ्या मुलांना मी त्या वापरल्या.

पहिल्या आंघोळीची सकाळ. पेठेत एरवी फटाक्यांनी कान बसायचे. त्या दिवशी दोन घरं सोडून एक मूल रडायला लागलं. मग पलीकडे दुसरं. डोळ्यांत साबण गेला की मुलं रडतात, ती रडून थांबतात. ही थांबेनात. मी हातातला तांब्या तसाच ठेवून ऐकत राहिले. उजाडल्यावर नळावर एक शेजारीण लेकाला उघडा घेऊन आली. त्याची पाठ मानेपासून कमरेपर्यंत लाल होती.

"अक्का, तुमच्याच कारखान्याचा हाय साबण. उटणं लावलं, मग हा लावला. काय झालं असंल ओ?"

"खोबरेल लावा," मी म्हटलं.

पाडव्यानंतर माल परत यायला लागला. पहिला आला तो जयसिंगपूरचा व्यापारी, स्वतः, एक पेटी घेऊन. फाटकावरचा माणूस "बसा, पावणं," म्हणाला तर तो म्हणाला, "बसाय न्हाय आलो." कचेरीत जाऊन त्यानं पेटी टेबलावर उपडी केली. "माझ्या बानं तुमचा माल विकला, मी विकला. आता गिऱ्हाईक दुकानाफुडनं जातंय आणि आत बघत न्हाय. घ्या तुमचं." त्याच्या मागनं मिरज, निपाणी, बेळगाव. वॅगनी भरून गेल्या होत्या तशा भरून आल्या. केसांचं तेल आणि दंतमंजन चांगलं होतं, तेही परत आलं. नाव एकच होतं ना.

बायकांना मग उलटं काम लागलं. बांधलेल्या वड्या सोडायच्या. कागद वेगळे, वड्या वेगळ्या. हात बरे होत आलेले पुन्हा सोलवटले. टेबलांवर नुसता कागदांचा आवाज. ते काम संपलं तशी भट्टी विझली आणि पॅकिंगची खोली बंद झाली.

चौकशी धाकट्या मालकांच्या कचेरीत झाली. मॅनेजरनं सांगितलं, भट्टीचा मुख्य अप्पा. अप्पांना विचारलं तर ते एवढंच म्हणाले, "हुकमापरमानं केलंय." त्यांना काढलं. केमिस्ट कोपऱ्यात उभा होता, तो काही बोलला नाही. मॅनेजर दोन महिन्यांनी दुसरीकडे अधिक मोठ्या जागेवर गेला. जावईसाहेब राहिले.

बायकांना आता कायमचं घरी बसावं लागणार, हे सांगायला घरोघरी मीच गेले. तालमीमागच्या गल्लीतली म्हातारी भांडेल या तयारीनं गेले होते. तिनं मला बसायला पाट दिला. सून आत भाकरी थापत होती, पिठाला हात लावण्याआधी बोटांना फडकं गुंडाळून. म्हातारी तिच्याकडे बघत होती, माझ्याकडे नाही.

"तू तितं हुतीस," ती म्हणाली. मोठ्यानं नाही.

"होते."

ती माझ्या दारात येऊन बसली असती तर मला सोपं गेलं असतं.

पुढच्या उन्हाळ्यात धाकट्या मालकांनी मला बोलावणं पाठवलं. ते थकले होते. कारखाना पुन्हा सुरू करायचा म्हणाले, निम्म्या जोरावर. पॅकिंगला तीसएक बायका लागतील.

"तुमच्या शब्दावर येतील त्या," ते म्हणाले. "पेठेत तुम्हाला मानतात."

"भट्टीवर कोण आहे?"

"आहेत एक. जावयांच्या ओळखीचे. फार हुशार, बिस्किटांच्या कारखान्यात होते."

"त्यांचं काम बघितलंत तुम्ही? आठ दिवस?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "जावई सांगताहेत म्हणजे बघितलंच असेल ना त्यांनी."

मी नाही म्हणून सांगितलं. त्यांना कारण हवं होतं. पेठेत आता एकही दार मला वाजवता येत नाही, हे खरं कारण, तेच सांगितलं. त्यांनी बायका दुसऱ्या कुणाकडून तरी जमवल्या, गावाबाहेरच्या. त्या मला सकाळी माळाकडे जाताना दिसायच्या. मी त्यांतल्या एकीला थांबवून हात बघू दे म्हटलं, तर तिनं ते पदराखाली घेतले आणि झपाझप पुढं निघून गेली.